कामावरच्या हाताची पट्टी

गोदीच्या मोठ्या फाटकासमोर शिंप्यांची रांग होती. त्या रांगेतलं एकच दुकान बाईचं. पाटीवर अजून वडिलांचं नाव होतं, पण पाटी वाचून तिथे कुणी येत नसे. कोट कुठूनही शिवा, बाहीवरची सोनेरी फीत मात्र ताईंकडूनच लावून घ्या, असं एक अधिकारी दुसऱ्याला सांगे आणि दुसरा तिसऱ्याला. त्यामुळे बोटीवरून नुकता उतरलेला, बंदरातली एकही गल्ली ठाऊक नसलेला माणूससुद्धा फाटकाबाहेर येऊन विचारायचा, “फीतवाल्या ताई कुठे बसतात?”

ताई खिडकीपाशी बसत. उजेड डाव्या खांद्यावरून यायला हवा, हा वडिलांचा दंडक. त्यांचे दंडक पुष्कळ होते. त्यातले निम्मे ताईंनी त्यांच्यामागे सोडून दिले, पण एक कधी सोडला नाही. पट्टी टेबलावर लावायची नाही, माणसावर लावायची. कोट अंगात घालायला सांगायचा आणि म्हणायचं, तुमचा हात दिवसभर जे करतो ते करा. मग डेकवरचा अधिकारी दुर्बीण धरल्यासारखा हात उचले. हिशेबखात्यातला टेबलाच्या कडेला कोपर टेकवी. त्यानंतर टाचण्या. “माणूस कामात असताना सरळ दिसते ती सरळ पट्टी,” वडील म्हणत. “खुंटीवर काय, गाढवाची झूलसुद्धा सरळ लटकते.”

इंजिनिअरचा हात वेगळा. तो हात खाली, जरा पुढे नेई आणि मुठीची मागची बाजू हवेतल्या हवेत कशावर तरी टेकवी. फिरत्या यंत्राचा ताप तळव्यानं बघायचा नसतो. चटका बसला की तळवा आवळला जातो, मागची बाजू मात्र आपसूक मागे येते. हे ताईंना कुण्या पुस्तकानं नव्हे, धाकट्या भावानं सांगितलं होतं.

भावाला ताई काजळ्या म्हणत. आई लवकर गेली, तेव्हा हा जेमतेम चालायला लागला होता. त्याला वाढवता वाढवता ताईंचं लग्न राहून गेलं. कुणी विचारलंच तर त्या म्हणत, “माप जुळलं नाही कुणाचं.” भाऊ गोदीच्या कारखान्यात शिकायला लागला आणि बॉयलरच्या पहिल्या कामावरून दारात येऊन उभा राहिला, तेव्हा ताईंनी त्याला ओळखलंच नाही.

“काय पाहिजे?” त्यांनी विचारलं होतं.

“जेवायला,” दारातलं काजळ म्हणालं.

ते नाव तेव्हापासूनचं. पुढे तो अधिकारी झाला, केस पिकले, जहाजांमागून जहाजं झाली, तरी दुकानाच्या उंबऱ्याआत तो काजळ्याच राहिला.

आता अधिकारी झाला म्हणजे काय झाला, हे नीट सांगायला हवं, कारण गोष्ट सगळी त्यातच आहे.

ताईंच्या वडिलांच्या तरुणपणी जहाजांवर वाफेची यंत्रं नवी होती. यंत्र कारखान्यातून यायचं आणि ते चालवणारा माणूसही त्याच्यासोबत यायचा. खोक्यातून निघालेला जादा नग, असं डेकवरचे त्याला म्हणत. त्याला बाहीवर पट्टी नव्हती आणि अधिकाऱ्यांच्या टेबलावर ताट नव्हतं. पण शिडं गुंडाळून ठेवल्यावर या माणसावाचून जहाज जागचं हलत नाही, हे लक्षात यायला फार दिवस लागले नाहीत. मग त्याला कोट मिळाला. हुद्देही मिळाले: असिस्टंट इंजिनिअर, चीफ इंजिनिअर, त्याच्यावर यंत्रांचा निरीक्षक. नावं सगळी कारखान्यातली. लेफ्टनंट, कमांडर, कॅप्टन ही नौदलाची नावं डेकवर राहिली.

पट्ट्या दिल्या त्याही हात राखून. डेकवरच्याच्या वरच्या पट्टीला सोनेरी फितीचा गोल वळसा असे. इंजिनिअरची पट्टी नुसती सरळ. आणि दोन पट्ट्यांच्या मधे जांभळ्या कापडाची चिंधोटी, म्हणजे लांबूनसुद्धा कुणाची चूक व्हायला नको की हा खालचा आहे.

ते जांभळं कापड गिरणीचं असे, आणि इंजिनखोलीतल्या उष्णतेत सहा महिन्यांत उतरून तांबूस होई. वडिलांना हे खपेना. ते पांढरं कापड आणून मागच्या खोलीत स्वतः रंगवत. ढवळायला ताई. शाळेत त्यांना जांभळ्या नखांची पोर म्हणत. रडत घरी आल्या तेव्हा वडील म्हणाले होते, “ज्यांचा रंग आहे ते आगीत उभे राहतात. तुला शाळेत उभं राहवेना?”

पुढे हुद्द्यांची नावं बदलली. भावाला पहिली मोठी पट्टी मिळाली ती इंजिनिअर लेफ्टनंट म्हणून. मग इंजिनिअर कमांडर, मग इंजिनिअर कॅप्टन. हुद्दा नौदलाचा, पण त्याच्या दाराशी शिपाई उभा करावा तसा तो एक शब्द आधी उभा. मधल्या काळात वळसाही मिळाला. ज्या दिवशी तो फतवा निघाला, त्या दिवशी ताईंनी भावाचा कोट मागवून घेतला आणि स्वतःच्या हातानं दोन्ही बाह्यांवर वळसे काढले. जांभळा रंग तसाच राहिला. त्याच्याबरोबर खरी मेखही राहिली. इंजिनिअर कितीही वर चढो, हुकूम त्याचा नव्हे. आपल्याच भट्टीवाल्याला तो दोन दिवसांची सुट्टी देऊ शकत नसे की शिक्षा करू शकत नसे. त्यासाठी डेकवरच्यापुढे उभं राहायचं. अगदी थोडे इंजिनिअर रिअर अ‍ॅडमिरलपर्यंत पोचले. त्यांनाही मुख्यालयात एक खोली मिळाली, पण जहाज नाही आणि गोदी नाही.

भाऊ इंजिनिअर कमांडर असताना एका परक्या बंदरात जहाजावर तापाची साथ आली. कॅप्टन आडवा, त्याच्या खालचे आडवे. उभे राहिले दोघे: एक हा, कानशिलं पांढरी झालेला, आणि दुसरा मिसरूड फुटतंय न फुटतंय असा डेकवरचा कोवळा लेफ्टनंट. नियमानं जहाज त्या पोराच्या हाती गेलं.

“मग रे?” ताईंनी विचारलं होतं.

“मग काय. रोज सकाळी माझ्याकडे यायचा, म्हणायचा, सर, मी आज काय हुकूम देऊ? मी सांगायचो. मग तो वर जाऊन तो हुकूम द्यायचा आणि मी खाली जाऊन तो पाळायचो.”

ताई हसल्या होत्या. भाऊही हसला होता. पण त्या दिवशी तो चहा अर्धा टाकून गेला, हे ताईंनी कप विसळताना पाहिलं.

आणि आता, निवृत्तीला थोडाच अवधी उरलेला असताना, नवा आदेश निघाला होता. हुद्द्याआधीचा ‘इंजिनिअर’ हा शब्द जाणार. बाहीवरचं जांभळं कापड जाणार. सगळे एका रंगाचे, आणि किनाऱ्यावरच्या कुठल्याही ठाण्याचा ताबा आणि तिथला हुकूम आता इंजिनिअरलाही मिळू शकणार. पहिली नेमणूकही ठरली. ही समोरची गोदी, तिचे सगळे कारखाने, फाटकापासून धक्क्यापर्यंत सगळं, रिअर अ‍ॅडमिरल होऊन ताब्यात घ्यायचं होतं ताईंच्या भावानं.

रांगेतल्या शिंप्यांवर कामाचा डोंगर कोसळला. इंजिनिअर कोट घेऊन येत, जांभळं उसवून मागत. उसवलं की निराळंच दिसे: झाकलेल्या जागी कापड विटलेलं नसे, त्यामुळे पट्ट्यांच्या मधे गडद निळी रेघ उरे. जांभळं गेलं तरी त्याची सावली राही. शेजारचे मास्तर कोळशाच्या इस्त्रीनं ती रेघ मारायला बघत. ताईंनी बाह्याच सोडवल्या, कापड उलटं करून आतली बाजू बाहेर आणली आणि पुन्हा शिवल्या. वेळ दुप्पट लागे. “कुणाला ओळखू येता कामा नये,” त्या म्हणत. “एकालाही.”

नवा कोट शिवून तयार होता तो फक्त भावाचा. बाहीवर रुंद पट्टी लावायची, तिच्यावर वळशाची बारीक पट्टी, की झालं. भाऊ मात्र मापाला येईना. निरोपावर निरोप गेले. शेवटी भावजय आली, घडी केलेला जुना कोट काखेत घेऊन.

“ताई, हे तुम्हीच सांभाळा तुमचं रत्न,” ती खुर्चीवर बसत म्हणाली. “नव्या कोटालाही जांभळं लावून द्या म्हणतात. नाहीतर हाच जुना घालून जाणार म्हणे समारंभाला. मी कपाटातून पळवून आणलाय.”

“आदेश वाचलाय ना त्यानं?”

“पाठ आहे. मला म्हणून दाखवला. मग म्हणाले, लाज वाटायची तेव्हा कुणी काढू दिला नाही, आता अभिमान वाटतो तर काढा म्हणतात.”

ताईंनी जुना कोट तिच्याकडून घेऊन खुंटीला लावला. वाक्य खरं होतं, त्यामुळे जास्तच राग आला.

“आणि डेकवरचे टपूनच बसलेत,” भावजय म्हणाली. “काल एक जण आमच्या दारात येऊन गोड बोलून गेला. म्हणे, साहेबांना सांगा, रंग सोडू नका, बाणेदारपणा असावा तर असा. त्याला काय, हे आदेश मोडून उभे राहिले की नेमणूक तिथल्या तिथे रद्द. मग म्हणायला मोकळे की बघा, यांच्या हाती हुकूम देऊन उपयोग नाही. पुढच्या पोरांनाही मग दार बंद.”

ताईंनी अंगुस्तान बोटातून काढून ठेवलं. नवा कोट हातावर घेतला, सोनेरी फीत आणि टाचण्यांची डबी पदरात बांधली, आणि भावजयीला म्हणाल्या, “तू दुकानात बस. कुणी आलं तर सांग, फीतवाली कामावर गेलीय.”

भर दिवसा दुकान सोडून ताई बाहेर पडलेल्या रांगेत कुणी पाहिल्या नव्हत्या. मास्तरांच्या हातातला चहा तसाच राहिला. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं परवाना विचारण्यासाठी तोंड उघडलं, पण त्याच्या अंगातल्या सदऱ्याची कॉलर ताईंनीच उलटवून दिलेली होती. तो बाजूला झाला.

भाऊ पंपांच्या कारखान्यात होता. एक मोठा पंप दुरुस्त होऊन चाचणीसाठी चालू केलेला, आणि भाऊ त्याच्या बाजूला उभा, सदऱ्याच्या बाह्या वर, मुठीची मागची बाजू यंत्राच्या अंगावर टेकवलेली. कान तिकडे, डोळे कुठेच नाहीत. डॉक्टर नाडी बघतो तसा.

“काजळ्या,” ताई म्हणाल्या.

“ताई? तू इथे?”

“तू तिथे येत नाहीस म्हणून मी इथे. घाल कोट.”

“पंप सोडून मला हलता येणार नाही.”

“हलू नकोस. हात आहे तिथेच राहू दे. दुसरा दे.”

मजूर इकडे तिकडे बघू लागले. ताईंनी त्याच्या एका हातात बाही सरकवली, मग यंत्रावरचा हात क्षणभर उचलायला लावून दुसरी. त्यानं हात पुन्हा होता तिथे ठेवला. ताई गुडघ्यावर बसल्या आणि सोनेरी फीत त्याच्या मनगटाभोवती फिरवून टाचण्या लावू लागल्या. पंपाची धडधड जमिनीतून त्यांच्या गुडघ्यांत येत होती.

“जांभळं आणलंस का?”

“नाही.”

“मग हे कशाला टाचतेस? मी घालणार नाही.”

“मी तुला विचारलं नाही. मी माप घेतेय.”

“ताई, तू स्वतः रंगवायचीस ते कापड. तुझी नखं...”

“माझी नखं केव्हाच पांढरी झाली. हलू नकोस.” टाचण्या ओठांत धरून त्या बोलत होत्या, त्यामुळे आवाज आणखी कडक येत होता. “त्या मिसरूड न फुटलेल्या पोराचा हुकूम पाळलास ना? तेव्हा हा बाणा कुठे गेला होता? आता स्वतःचा हुकूम यायची वेळ झाली तर तुला चिंधी आठवते.”

“ती चिंधी नाही.”

“नाही,” ताई म्हणाल्या, आणि ओठांतली पुढची टाचणी लावली. “नाहीच ती चिंधी. पण तुझ्यामागे जे उभे आहेत, त्यांना तुझ्या बाहीवरचं जांभळं नकोय. त्यांना तू त्या खुर्चीत हवायस. दुसरा हात.”

त्यानं हात बदलून दुसरी मूठ यंत्रावर टेकवली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे ताईंना ठाऊक होतं. दोघांच्या अंगात पीळ एकाच घरचा होता. कोट काढून घेऊन त्या निघाल्या, तेव्हा त्यानं मागून विचारलंसुद्धा नाही, की हा कोट घालायला मी येईन असं तुला वाटतं कशावरून.

पण तो आला. समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी. भावजयीनं पळवलेला कोट त्यानं ताईंच्याच खुंटीवरून परत नेला होता, आणि आता तोच घालून दुकानात उभा होता. बाहीवर चार पट्ट्या आणि मधे वडिलांच्या हातचं, अजून न उतरलेलं जांभळं. समारंभात रुंद पट्टी नसली तरी चालेल, हे नसून चालणार नाही, हे सांगायला आपण आलो आहोत, असं त्यानं दारातच जाहीर केलं.

“सांगून झालं?” ताई म्हणाल्या. “आता नवा घालून दाखव. शिवलाय तो. न बघताच नको म्हणायला तू काही माझा जावई नाहीस.”

तो हसू दाबत राहिला, पण कोट घातला. आरशापुढे उभा राहिला. ताईंनी खांदे बघितले, पाठ बघितली. झोळ कुठे नव्हता.

“सलाम कर.”

त्यानं हात कपाळाशी नेला. आणि ताईंचा चेहरा उतरला.

रुंद पट्टी तिरकी झाली होती. बाहेरच्या बाजूनं उतरत गेलेली, ओल्या भिंतीवरच्या तसबिरीसारखी. वळसा कलंडून कोपराकडे बघत होता. दुसरा हात, तोच प्रकार. अंगातल्या रागात, धडधडत्या जमिनीवर गुडघे टेकून टाचण्या लावताना त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं, की हात उचल. इतकी वर्षं इंजिनिअरांच्या बाह्या करून करून हाताला लागलेली सवय. समोर यंत्रावर टेकलेला हात दिसला आणि त्यांनी फीत त्या हाताला लावली. उद्या गोदीच्या मैदानावर अर्धा दिवस त्याला सलामच घ्यायचे होते. कुणाला ओळखू येता कामा नये म्हणून दुसऱ्यांच्या बाह्या उलटवणाऱ्या बाईनं स्वतःच्या भावावर खूण करून ठेवली होती.

“काढ तो कोट,” त्या म्हणाल्या. “उसवते. संध्याकाळपर्यंत होईल. काढ म्हणते ना.”

“थांब जरा.”

“काय थांब. उद्या सगळे बघतील, आणि म्हणतील, फीतवालीला भावाचीच पट्टी सरळ लावता आली नाही.”

तो आरशापासून वळला. ताईंचं शिवणयंत्र खिडकीशी होतं. तो त्याच्यापाशी गेला आणि सवयीनं, न ठरवता, त्यानं मुठीची मागची बाजू यंत्राच्या अंगावर टेकवली.

पट्टी सरळ झाली. ओळंब्यानं आखावी तशी. वळसा बरोबर मधोमध वर आला.

तो बराच वेळ तिकडे बघत राहिला. हात उचलून त्यानं सलाम केला; पट्टी कलंडली. हात यंत्रावर ठेवला, पट्टी सरळ. लहान मुलासारखं त्यानं ते पुन्हा एकदा करून बघितलं.

“बाबा काय म्हणायचे?” त्यानं विचारलं.

“काही म्हणायचे नाहीत. कात्री दे.”

“सरळ पट्टी म्हणजे काय, ताई?”

कात्री ताईंनी स्वतःच उचलली होती, पण ती उघडली नव्हती.

“उद्यापासून मी काय करणार आहे, असं तुला वाटतं?” तो म्हणाला. “दिवसभर सलाम? सकाळी पंपांचा कारखाना आहे, मग बॉयलरचा, मग कोरड्या गोदीतली जहाजं. खुर्ची मिळाली म्हणून यंत्रं काय मला कागदावरून कळणार आहेत?”

“उद्याचा दिवस तरी...”

“उद्याचा दिवस एकच आहे.”

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरची आठी गेली होती, पण जबडा तसाच घट्ट होता. हट्ट गेला नव्हता. त्याला बसायला जागा सापडली होती, इतकंच.

“आणि हा?” त्यांनी खुर्चीच्या पाठीवरच्या जुन्या कोटाकडे मान केली.

“हा तुझ्याकडे राहू दे. जांभळं उसव, कापड चांगलं आहे अजून. टाचण्या टोचायची तुझी ती गादी फाटलीय.”

“बाबांनी रंगवलेलं कापड टाचण्यांना?”

“कामात राहील,” तो म्हणाला.

ताईंनी कात्री ठेवली. मग पुन्हा उचलली, त्याच्या बाहीच्या आत राहिलेला एक कच्चा टाका कापला आणि म्हणाल्या, “जा आता. आणि हा कोट घालून खाली बसू नकोस कुठे, इस्त्री मोडेल.”

दुसऱ्या दिवशी शिंप्यांची रांगच्या रांग फाटकाच्या गजांना चिकटून उभी होती. मैदानावर ऊन होतं. डेकवरचे एका बाजूला, इंजिनिअर दुसऱ्या बाजूला, आणि आज दोन्हीकडच्या बाह्यांवर नुसतं सोनं आणि निळं. भाऊ मधे चालत आला. हुकूम वाचला गेला. त्यात त्याच्या हुद्द्याआधी कुठला शब्द नव्हता. ताईंनी तेवढंच ऐकलं, पुढचं त्यांना ऐकू आलं नाही.

मग त्यानं हात उचलला, आणि उन्हात ती रुंद पट्टी स्वच्छ, उघड, सगळ्यांदेखत कलंडली. डेकवरच्यांच्या रांगेत कुणी शेजाऱ्याकडे किंचित पाहिलं. इंजिनिअरांच्या रांगेत कुणी कुणाकडे पाहिलं नाही. फक्त पहिल्या ओळीतल्या एका पांढऱ्या मिशीवाल्याचा उजवा हात मांडीशी होता तिथेच जरा वळला, मुठीची मागची बाजू पुढे आली, आणि तशीच राहिली.

मास्तर ताईंच्या बाजूला गजांत नाक घालून उभे होते. धंद्यातला माणूस. त्यांची नजर चुकते कशाला.

“ताई, राग मानू नका,” ते हळूच म्हणाले, “पण पट्टी वाकडी बसलीय.”

“सरळ आहे,” ताई म्हणाल्या. “त्याला कामाला तर लागू द्या, मास्तर. मग बघा.”